दुर्मिळतेचे स्तोम

घमापुर ही जबलपूर शहरातील एक जुनी, दाट वस्ती. दुर्मिळ ग्रंथांची चर्चा ज्या सभागृहांतून होते त्यांच्यापासून ती सर्वार्थाने दूर आहे. तरीही त्या चर्चेतील खरेखोटे पारखून घ्यावयाचे असेल तर प्रारंभ अशा वस्तीतूनच करणे इष्ट ठरेल. येथील एखाद्या मराठी घराची वाटणी होते, किंवा जुने घर उतरवून त्या जागी मजले चढवावयाचे ठरते, तेव्हा माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते. तिच्यात आजोबांची पुस्तके असतात. वाळवीने कडा कुरतडलेली एखादी पोथी, निर्णयसागरच्या छापाचा एखादा ग्रंथ, दोऱ्याने बांधून ठेवलेले मासिकांचे अंक, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, आणि घरात कोणालाच न वाचता येणारे मोडी कागद. घरातील तिसऱ्या पिढीचे शिक्षण हिंदीतून वा इंग्रजीतून झालेले असते. ती मराठी बोलते, परंतु वाचीत नाही. अखेर कबाडी येतो, तराजू धरतो, आणि तीन पिढ्यांची ग्रंथसंपदा किलोच्या भावाने दाराबाहेर पडते.

या दृश्याने ग्रंथप्रेमी हळहळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच दारात कबाड्याऐवजी एखादा संग्राहक किंवा त्याचा दलाल येतो तेव्हा काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो प्रश्न विचारतो ते असे. साल कोणते? आवृत्ती पहिली का? ग्रंथकर्त्याची स्वाक्षरी आहे का? मुखपृष्ठ शाबूत आहे का? पुस्तकात काय लिहिले आहे, हा प्रश्न या यादीत नसतो. कबाडी पुस्तक वजनाने तोलतो, संग्राहक वयाने तोलतो. दोघांच्याही व्यवहारात पुस्तक वाचण्याची गरज पडत नाही. एकाच्या हाती पुस्तकाचा लगदा होतो आणि दुसऱ्याच्या हाती त्याचा शोभेचा ऐवज होतो, हा फरक लहान नाही. तथापि वाचकाच्या दृष्टीने परिणाम पुष्कळदा सारखाच असतो. दोन्ही वेळा पुस्तक त्याच्या हातून जाते.

गेल्या काही दशकांत मराठीत जुन्या ग्रंथांविषयी जे लेखन होत आले आहे, त्यात दुर्मिळता हा जणू ग्रंथाचा गुण मानला जातो. जुना कागद, त्याचा पिवळेपणा, शिळाछापाची वळणे, बांधणीचा वास, यांची रसभरित वर्णने केली जातात आणि त्यांनाच ग्रंथप्रेम म्हटले जाते. या समजाला स्पष्ट विरोध करणे आवश्यक आहे. दुर्मिळता हा ग्रंथाचा गुण नव्हे. एका समाजाने आपल्या छापील अक्षराची किती हयगय केली, याचा तो पुरावा होय.

जबलपुरात मराठी पुस्तक आले कसे, हे पाहिल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. १७८१ मध्ये मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठी अंमलाखाली आले. १७९८ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख पेशव्यांनी नागपूरकर भोसल्यांकडे दिला, आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. याच काळात तिकडे बंगालमध्ये मराठी गद्याचा मुद्रित संसार उभा राहत होता. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले. त्यांचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरचे. त्यांची 'सिंहासनबत्तिशी' १८१४ मध्ये मोडी टाइपात निघाली. म्हणजे जबलपूर नागपूरकरांच्या अमलात असताना, नागपूरचाच एक पंडित मराठी मुद्रणाच्या पायाभरणीत गुंतलेला होता. मराठी ग्रंथाच्या इतिहासात हा मध्यवर्ती प्रदेश पुण्यामुंबईहून उशिरा आलेला पाहुणा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

पुढे १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत निर्माण झाला, आणि १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे एकत्र आला. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, रेल्वे आणि १९०४ मध्ये उभारलेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या आश्रयाने शहर वाढले. नोकरीपेशाने आलेल्या मराठी कुटुंबांना मुंबईचे पुस्तक आता आगगाडीने मिळू शकत होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर दोन्ही भाषांचा विद्याव्यवहार एका छत्राखाली आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा एकत्रित प्रांत मोडला. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. घरातील पेटी मात्र जागची हलली नाही. तिच्याभोवतीचा वाचनव्यवहार तेवढा हळूहळू आटत गेला. ते पुस्तक ज्या दिवशी छापले गेले त्या दिवशी दुर्मिळ नव्हते. ते दुर्मिळ झाले, कारण त्याचा वाचक आधी दुर्मिळ झाला.

दुर्मिळतेचा आणि मोलाचा संबंध किती सैल आहे, हे पंचांगाच्या उदाहरणाने समजते. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. पंचांग हे घराघरांत जाणारे, रोज हाताळले जाणारे, आणि वर्ष सरताच टाकून दिले जाणारे पुस्तक. ज्याचा वापर सर्वाधिक त्याचे जतन सर्वांत कमी, असा हा व्यवहार आहे. प्राथमिक शाळांची क्रमिक पुस्तके, आरत्यांच्या चोपड्या, नाटकांच्या पदांची पुस्तके, यांचीही गत तीच झाली. उलट राजदरबारी नजर करण्यासाठी उत्तम कागदावर छापलेला, कोणीही न उघडलेला ग्रंथ आज कोऱ्या अवस्थेत सापडतो आणि संग्राहकाच्या कपाटात मानाने बसतो. मराठी ग्रंथपाल १८६७ पर्यंतच्या मुद्रितांना 'दोलामुद्रिते' म्हणतात. या पाळण्यातील पुस्तकांचे कौतुक योग्यच आहे. परंतु १८६६ च्या पुस्तकाला मान द्यावयाचा आणि १९४४ च्या पुस्तकाला रद्दी समजावयाचे, हा न्याय विचित्र होय. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या जुन्या कागदाला लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा आयुष्य अधिक असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आलेल्या कागदात आम्ल राहते आणि तो आतून ठिसूळ होत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे निकृष्ट कागदावर छापलेली पुस्तके हाताळताच तुटतात. म्हणजे ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, तीच पुस्तके आज सर्वांत अधिक धोक्यात आहेत.

दुर्मिळतेची कारणे कधी राजकीयही असतात. याचे उदाहरण याच प्रदेशात आहे. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथील मराठी कुटुंबात झाला. त्यांच्या शिक्षणाचा काही भाग जबलपुरात झाला. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' सुरू केले, १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' काढले, आणि १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. स्वदेशी चळवळीवरील त्यांचे पुस्तक सरकारने जप्त केले. 'दासबोध' आणि टिळकांचे १९१५ चे 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले. १९२० मध्ये जबलपुरातून 'कर्मवीर' निघाले त्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. जप्त झालेल्या पुस्तकाची एखादी प्रत आज कोणाच्या माळ्यावर सापडली, तर तिची किंमत तिच्या दुर्मिळतेत आहे असे म्हणणे हा त्या पुस्तकाचा अपमान ठरेल. ते दुर्मिळ करणे हा सरकारचा हेतू होता. त्या हेतूच्या यशाचे कौतुक करावयाचे, की ज्या मजकुराला सरकार भ्याले तो मजकूर वाचावयाचा, याचा निर्णय ग्रंथप्रेमींनी करावयाचा आहे.

संग्राहकांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, वाचकांनी पुस्तके वाचून फाडली, वारसांनी विकली, संस्थांनी कुजविली. जे काही उरले ते आमच्या वेडामुळे. यातील तथ्य नाकारता येणार नाही. वस्तूवर जडलेल्या प्रेमाने पुष्कळ ग्रंथ वाचविले आहेत. परंतु या युक्तिवादाला एक कसोटी लावली पाहिजे. संग्रह झाल्यावर त्याची यादी झाली का? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. दात्यांचे वेड कोणत्याही संग्राहकाहून कमी नव्हते. मात्र ते वेड पुस्तक आपल्या कपाटात आणण्याचे नव्हते. पुस्तक आहे, ते अमुक साली अमुक छापखान्यात छापले गेले, ही वार्ता सर्वांना कळावी याचे ते वेड होते. संग्रह आणि साठा यांतील भेद येथे आहे. ज्याची सूची आहे तो संग्रह. ज्याची सूची नाही तो केवळ साठा, मग तो धनिकाच्या दिवाणखान्यातला असो की संस्थेच्या कुलूपबंद कपाटातला.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. त्यांच्या संस्थापकांनी केवळ जुनी, दुर्मिळ पुस्तके जमविण्याचा उद्योग केला असता, तर आज त्या संस्थांचे रूप फार वेगळे दिसले असते. मराठीत जे जे छापले जाते ते ते येथे असावे, लोकांनी येऊन ते वाचावे, अशी त्यांची साधी भूमिका होती. त्या वेळची नवी पुस्तके आज दुर्मिळ झाली, आणि ती तेथे सापडतात. दुर्मिळ ग्रंथांचे सर्वोत्तम संग्रह दुर्मिळतेचा पाठलाग न करताच निर्माण होतात, हा या दोन संस्थांच्या इतिहासाचा धडा होय.

याहून बोलके उदाहरण गोमंतकातील आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले, आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. दुर्मिळतेची ही पराकाष्ठा म्हणावी लागेल. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या विरोधात फर्मान काढले. तरीही ग्रंथ नाहीसा झाला नाही, कारण गोव्याबाहेर दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती केल्या, त्या वाचल्या, गायिल्या. अशा प्रतींच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात मिळाले, तेव्हा संग्राहकाचे ऋणही येथे मान्य केले पाहिजे. तथापि प्रथम वाचविले ते वाचकांनी. ज्या पुस्तकाची छापील प्रत कोणालाही बाळगता आली नाही, ते वाचकांच्या मुखी आणि हाती टिकले.

यावरून दुसऱ्या टोकाचे लोक एक सोयीस्कर निष्कर्ष काढतील. मजकूर टिकला म्हणजे झाले. आता पुस्तकांची छायाचित्रे संगणकावर घेतली जातात. तेव्हा मूळ प्रत कबाड्याकडे गेली म्हणून बिघडले काय? हा आधुनिक युक्तिवाद संग्राहकाच्या वेडाहून अधिक घातक आहे, कारण तो शहाणपणाच्या थाटात येतो. त्याचे उत्तर ज्ञानेश्वरीच्या संशोधनात मिळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बीडजवळच्या पाटांगण येथील एका पोथीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती पोथी एकनाथपूर्व आहे, हा त्यांचा दावा. मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. छापील पाठ सर्वांसमोर आहे. पण पोथीचा कागद कोणता, वळण कोणत्या काळचे, खाडाखोड कोठे, मागाहून घातलेली अक्षरे कोणती, या प्रश्नांची उत्तरे छापील पाठ देऊ शकत नाही. मजकूर हाती आहे आणि तरीही वाद मिटत नाही, कारण वस्तू हाती नाही.

छापील पुस्तकालाही हेच लागू पडते. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी पुस्तके आगाऊ वर्गणीदारांच्या आश्रयावर निघत. त्या आश्रयदात्यांची नावे गावासह पुस्तकाच्या शेवटी छापली जात. कोणत्या गावी कोण मराठी वाचीत होते, याचे त्याहून प्रामाणिक साधन क्वचितच मिळेल. मलपृष्ठावरील जाहिराती, किमतीचा आणि टपालखर्चाचा उल्लेख, आतील पानावर शाईने लिहिलेले नाव, शाळेचा शिक्का, समासातील टीप, या साऱ्यांतून पुस्तकाचा प्रवास कळतो. पुस्तकांचे संगणकीय चित्रण करताना हीच पाने निरुपयोगी समजून गाळली जातात, असा अनुभव पुष्कळदा येतो. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात लाखो पुस्तकांची चित्रे घेतली गेली, पण मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत अशुद्ध नोंदली गेल्यामुळे त्यातील पुस्तक शोधणे हेच एक संशोधन होऊन बसले. चित्रण अवश्य व्हावे. ते मूळ प्रत फेकून देण्याचा परवाना मात्र नव्हे.

म्हणून जुन्या ग्रंथाचे खरे आकर्षण त्याच्या वयात नाही, आणि केवळ त्याच्या मजकुरातही नाही. एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट माणसाने तो वाचला, या घटनेत ते आहे. पुण्यात मिळणारी एखाद्या ग्रंथाची प्रत आणि त्याच ग्रंथाची घमापुरातील प्रत या दोन वेगळ्या साक्षी आहेत. पहिली सांगते की पुस्तक छापले गेले. दुसरी सांगते की नर्मदेच्या खोऱ्यात, हिंदीच्या शेजारात, ते कोणी तरी मागविले आणि वाचले. बृहन्महाराष्ट्रातील जुने ग्रंथ उचलून पुण्यामुंबईच्या कपाटांत नेऊन ठेवावेत, असे सुचविणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. ठिकाणाची नोंद न करता पुस्तक हलविले की त्याची निम्मी साक्ष मुकी होते. जबलपूरजवळच्या तेवर येथे, म्हणजे कलचुरींच्या त्रिपुरीत, सापडलेल्या लेखांचे वाचन डॉ. वा. वि. मिराशी यांनी केले आणि त्या काळच्या लेखांचा त्यांचा बृहद्ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक लेख कोठे सापडला याची नोंद आहे, कारण स्थलाशिवाय शिलालेखाला अर्थ नाही, हे पुराविद्येला कळते. ग्रंथविद्येलाही ते कळावयास हवे.

कायद्यावर विसंबून राहण्याची सोयही येथे नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यामुळे छापलेल्या पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली, आणि त्या नोंदी आज संशोधकांच्या उपयोगी पडतात. त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातून पुस्तके वगळली गेली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ठराविक ग्रंथालयांना प्रत पाठवावयाची असते. परंतु गणेशोत्सवाची स्मरणिका, वाचनालयाचा वार्षिक अहवाल, एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह, हे त्या वाटेने क्वचितच जातात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या हस्तलिखितांना संरक्षण दिले. माळ्यावरच्या मोडी कागदांना ते तत्त्वतः मिळेलही, पण ते कागद काय आहेत हे वाचणाराच नसेल तर संरक्षण कोणत्या महत्त्वाचे करावयाचे?

उपाय खर्चिक नाही आणि भव्यही नाही, म्हणूनच कदाचित तो कोणाला सुचत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला, आणि शहरातील कितीतरी जुन्या विटामातीच्या घरांना तडे गेले. अशा आपत्तीत माणसे आधी वाचवावी लागतात, पुस्तकांची आठवण कोणी करीत नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु आपत्ती नसलेल्या वर्षांत काय केले, याचा जाब विचारता येतो. शहरातील मराठी मंडळांनी एका वर्षाच्या उत्सवाचा थोडा उत्साह या कामाकडे वळवून घराघरांतील मराठी पुस्तकांची यादी केली, तर कोणतेही पुस्तक मालकाच्या घरातून हलविल्याशिवाय शहराची ग्रंथसूची तयार होईल. प्रत्येक पुस्तकाचे नाव, साल, छापखाना, आतील हस्ताक्षर आणि ते कोणाकडे कसे आले एवढेच टिपावयाचे. दोन तरुणांनी मोडी शिकून घेतली तर कागदांच्या गाठोड्यांना वाचा फुटेल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरील स्वामित्वहक्क संपतो. तेव्हा अशा सूचीतून निवडून काही पुस्तके पुन्हा छापण्यास अडचण नाही. भोपाळ येथे १९८४ मध्ये सप्रे यांच्या नावाने उभे राहिलेले वृत्तपत्र संग्रहालय हेच दाखविते की, घरोघरच्या जुन्या गाठोड्यांना अभ्यासकांपर्यंत नेणारी संस्था याच प्रदेशात निर्माण होऊ शकते. एका मराठी घरातील पुरुषाच्या नावाने हिंदी समाजाने हे काम केले. मराठी समाजाने आपल्या पेट्यांसाठी काय केले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचणारा ठरतो.

यादी झाल्यावर काही पुस्तके दुर्मिळ ठरतील, काहींच्या पाच प्रती एकाच वस्तीत निघतील. संग्राहकाला दुसऱ्या प्रकारात रस वाटणार नाही. साहित्येतिहासाला मात्र त्यातच अधिक रस वाटला पाहिजे, कारण पाच घरांत एकच पुस्तक असणे म्हणजे तेथे एक वाचकवर्ग होता. दुर्मिळ ग्रंथांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजापेक्षा, कोणताही ग्रंथ दुर्मिळ होऊ न देणारा समाज अधिक सुसंस्कृत समजला पाहिजे. घमापुरात पुढच्या वेळी माळ्यावरची पेटी उतरेल, तेव्हा तिच्याजवळ तराजूआधी वही घेऊन कोणी पोहोचते का, यावर मराठीच्या ग्रंथप्रेमाची परीक्षा व्हावयाची आहे.